माझा आखूड पाय

मित्रांनो, माझ्या उजव्या हातावर, अगदी पुढच्या कडेला, दोन बारीक खड्डे आहेत. ते उंदराचे नाहीत, वाळवीचे तर मुळीच नाहीत. ते एका मुलीच्या पहिल्यावहिल्या दोन दातांचे आहेत. मी आहे वेताने विणलेली एक जुनी खुर्ची, आणि एवढा एकच दागिना मी आयुष्यात कमावला.

कोणी एक गृहस्थ मला मोडक्या अवस्थेत या दुकानात टाकून गेले आणि परत फिरकलेच नाहीत. दुकान सुताराचे. खाली तो रंधा चालवतो, वरच्या खोलीत त्याची बायको खुर्च्यांच्या बैठका वेताने विणते. तिने माझी बैठक नवी विणली. त्याने मला मागचा एक पाय नवा बसवला, पण घाईत तो दोन सूत, म्हणजे पाव इंच, आखूड कापला गेला. "उद्या बघतो," म्हणाला. तो उद्या काही उजाडला नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा!

मग त्यांच्या घरी चिमी आली. माझे हात बेताच्या उंचीचे, म्हणून तिची आई तिला पाजायला माझ्यावरच बसू लागली. पाजताना ती सावकाश मागेपुढे डुलायची आणि माझा आखूड पाय फरशीवर वाजायचा. टक... टक... त्या तालावर वरून चिमीचे घोट ऐकू यायचे. मला वर वळून बघता येत नाही, त्यामुळे माझे सगळे कुतूहल कानात आणि हातांत साठलेले. किती घोट झाले, चिमी झोपली की नुसतीच लबाडी करते आहे, हे मी आवाजावरून ओळखायला शिकले.

चिमी सात महिन्यांची झाली तसे एक नवेच कोडे पडले. तिची लाळ माझ्या हातावर ठिबकू लागली. एके दिवशी आईची नखे अचानक माझ्या लाकडात रुतली. मला वाटले, माझाच एखादा वेत तिला टोचला की काय! दुसऱ्या दिवशी ती "आई गं!" म्हणून एवढ्या मोठ्याने ओरडली, की खालचा हातोडा थांबला. चिमीला खालचे दोन दात आले होते आणि त्यांचा पहिला प्रयोग आईवर झाला होता. त्या ओरडण्याने चिमीही दचकली आणि तिने घर डोक्यावर घेतले.

सुताराची थोरली बहीण म्हणाली, "दात आले ना? मग झालं तर. आता सोडव तिला."

"नाही ताई," आई म्हणाली. "मला अजून पाजायचंय तिला. इतक्यात नाही सोडवायचं."

सुतार बिचारा कावराबावरा झाला. बायकोचे दुखणे त्याला घेता येईना, मग जे हाताला येत होते ते त्याने केले. मला उलटी केली आणि आखूड पायाखाली दोन सूत जाडीची चकती चिकटवली. "निदान बसायला तरी नीट असू दे," म्हणाला. खोटे कशाला बोलू, मला आनंदच झाला. या दुकानात आल्यापासून पहिल्यांदा माझे चारही पाय जमिनीला टेकले होते.

त्या संध्याकाळपासून चिमी पिईना. जवळ घेतले की तोंड फिरवायची, पाठ ताठ करायची. दोन दिवस असेच गेले. आई दूध पिळून वाटीत काढायची आणि चमच्याने भरवायची. अर्धे तर चिमी थुंकून टाकायची. आईची छाती दगडासारखी झाली होती. "मी ओरडले म्हणून रुसली ती," असे म्हणून ती रडायची. मलाही तेच खरे वाटत होते.

तिसऱ्या दिवशी दुपारी आई माझ्यावर बसून एक बैठक विणत होती. चिमी खाली सतरंजीवर गार ओले फडके चावत होती. ताणलेला वेत सुटू नये म्हणून भोकात लाकडी खुंटी ठोकतात, तशी आईने ठोकली. टक... टक... चिमीने फडके टाकले, रांगत आली आणि आईच्या कपड्याला धरून, पाखराच्या पिलाने चोच उघडावी तसे तिने तोंड उघडले.

आई थबकली. चिमीही थबकली. आईने खुंटीवर पुन्हा टक केले, पुन्हा ते तोंड उघडले. मग आई माझ्यावर हळूच डुलली. मी गप्प! तिने वाकून माझा पाय बघितला.

"अहो! वर या जरा. येताना पटाशी आणा."

"काय झालं?"

"खुर्ची नीट केलीत ना? आता बिघडवा."

"अगं, वेड लागलंय का? सुताराच्या घरात डुगडुगती खुर्ची? लोक काय म्हणतील?"

"लोकांना कुठे पाजायचंय मला? काढा ती चकती."

चकती निघाली. आई बसली, डुलली. टक... टक... चिमीने आईकडे एकदा नीट बघितले आणि मग घोट सुरू झाले. माझ्या हातावर पाण्याचे थेंब पडले. ते लाळेचे नव्हते.

पण दात तर होतेच! आई कान देऊन ऐकत राहिली. घोट चालू असताना चिमी चावत नव्हती. पोट भरल्यावर, खेळ सुचला की चावायची. घोट थांबताच आईने करंगळी तिच्या ओठांच्या कोपऱ्यातून आत सरकवली आणि अलगद तिला सोडवले. चावायला काहीच उरले नाही, तेव्हा चिमीने माझा हात धरला. हे दोन खड्डे त्या दिवसाचे.

चिमी खरोखर कशाने रुसली होती, ओरडण्याने की माझ्या गप्प बसण्याने? मला अजून कळलेले नाही. तुम्हाला काय वाटते?

पुढे दीड-दोन वर्षांनी चिमीने आपणहून दूध सोडले. मी कोपऱ्यात गेले. माझ्यावर वेताच्या जुड्या आल्या, धूळ आली. परवा एका गिऱ्हाइकाला माझी वीण आवडली. "पाय सरळ करा आणि हातावरचे खड्डे घासून द्या, मी नेतो," तो म्हणाला. सुताराने पॉलिशपेपर घेतला. मी ओरडलेच असते, पण खुर्चीला ओरडता कुठे येते?

एवढ्यात चिमी धावत आली. आता ती सहा वर्षांची आहे. सकाळीच पडलेला दात तिने काडेपेटीत जपून ठेवला होता. "बाबा, थांबा!" म्हणत तिने तो दात माझ्या खड्ड्यावर टेकवला. अगदी बरोबर बसला!

सुताराने पॉलिशपेपर खिशात घातला. "यांना दुसरी दाखवा," आई विणता विणता म्हणाली.

मित्रांनो, मोडलेले जरूर दुरुस्त करा. फक्त हत्यार उचलण्याआधी घरातल्या सर्वांत लहान माणसाला ते कसे हवे आहे, हे एकदा बघा. माझा पाय अजून आखूड आहे. दुसरा खड्डा अजून रिकामा आहे, कारण चिमीचा तो दात सध्या माझ्यासारखाच डुगडुगतो आहे. मी वाट बघते आहे.