सोमेश्वरचे बारा फोटो

"तुम्ही चिंचेमागं नीट लपलाच नाहीत, मावशी." गोरक्ष तिसऱ्यांदा म्हणाला.

"आणि तू? तुला डोळे तिच्याकडं ठेवायला सांगितलं होतं की माझ्याकडं?" सुलाबाईंनी ओले फोटो टेबलावर आपटले.

त्या दोघांच्या मधे टेबलावर मी. सुलाबाईंचा कॅमेरा बोलतोय. सगळं घडलं माझ्यासमोर, पण साक्ष माझी कुणी काढेना. मग मीच सांगतो.

मी दोन भिंगांचा, एक बघायला, एक टिपायला. जन्मलो कुठल्याशा कारखान्यात, पण अक्कल आली नाशकात, भद्रकालीतल्या या स्टुडिओत. नवरा गेल्यावर सुलाबाईंनी मला हातात घेतलं. शिकवणारं कुणी नव्हतं. रोल वाया घालवत शिकल्या. बाई फोटो काढते म्हणून लोक आधी हसले आणि मग आपल्या लग्नाच्या मुली त्यांच्याकडेच पाठवू लागले. मुलीला कुंडीशेजारी उभं करायचं आणि बाईंनी हुकूम सोडायचा, "इकडं बघा. हलू नका." अर्ध्या गावाला आम्ही ही शिस्त लावली. तीच आमच्या अंगाशी आली.

साल एकोणऐंशी. गोरक्ष कचेरीत कारकून, चांगुणा शाळेत शिक्षिका. दोन वर्षं एकाच बसमध्ये बोलणं चाललेलं, पण लग्नाचा विषय काढायला याची जीभ रेटेना. रविवारी तिला बघायला दिंडोरीचं स्थळ यायचं ठरलं, तेव्हा हा जागा झाला. त्या स्थळाला गेलेला तिचा फोटोही मीच काढलेला.

शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर सोमेश्वरच्या धबधब्यावर तिला विचारायचं, आणि तिला पत्ता न लागू देता सुलाबाईंनी चिंचेमागून त्याच घटकेचा फोटो काढायचा, असं त्याच्या डोक्यात आलं. म्हणे, म्हातारपणी दोघं बघू.

उन्हाळ्यामुळं धबधब्याला आवाजही नव्हता. चांगुणा आमच्याकडं पाठ करून उभी. गोरक्षनं घसा साफ केला. एवढ्यात सुलाबाई सवयीनं म्हणाल्या, "हलू नका." त्यानंही सवयीनं हात मांडीला चिकटवले, हनुवटी वर केली आणि थेट माझ्या भिंगात बघून विचारलं, "माझ्याशी लग्न करशील का?"

मला विचारलं हो. मी काय सांगणार?

हा बघतोय कुणाकडं म्हणून चांगुणानं मागं वळून पाहिलं. झाडामागं सुलाबाई, त्यांच्या पोटाशी मी. बाईंचा बटणावरचा हात काही थांबेना. शेवटच्या फोटोत नुसता पदराचा कोपरा आहे. उत्तर न देता ती एकटीच बसनं गेली.

म्हणून संध्याकाळी हे भांडण. दोघंही चुकलेले, आणि दोघंही ऐकायला तयार नाहीत.

"उद्या ते लोक येणार, मावशी. तुमच्या पायी माझं वाटोळं झालं."

"माझ्या पायी? पोरगी पुढ्यात उभी असताना कॅमेऱ्याला मागणी घालणारा तू पहिलाच."

तेवढ्यात दारात चांगुणा. निगेटिव्ह न्यायला आली होती. तिनं बाराही फोटो सावकाश पाहिले. शेवटचा पदराचा सोडला तर अकराही फोटोंत गोरक्ष शाळेच्या दाखल्यावर असावा तसा ताठ.

आज सत्त्याऐंशी साल आहे. रंगीत रोलचे हलके कॅमेरे आलेत, आणि मी फळीवर धूळ खातोय. त्या दोघांच्या लग्नात मी तीन रोल काढले. अक्षता टाकतानासुद्धा मंडळी माझ्याकडंच बघत होती. त्यातला एकही फोटो मला आठवत नाही. जो हवा होता तो मिळाला नाही, याची चीड अजून आहे. तुम्हाला एवढंच सांगतो, समोर माणूस असेल तर आधी त्याच्याकडं बघा. आम्ही कुठं पळून जात नाही.

ती हो म्हणाली तेव्हा मी तीन हातांवर होतो, पोटात नवा रोलही भरलेला होता, तरी मला काही दिसलं नाही. कारण फोटो खाली ठेवून ती आधी म्हणाली, "मावशी, त्या कॅमेऱ्याचं तोंड भिंतीकडं करा," आणि मग गोरक्षकडं वळून, "तुम्ही आता माझ्याकडं बघून विचारा."