डब्यातला पेन्को

नेदेल्याचं जावयाबद्दल गाऱ्हाणं एकच होतं: त्याला रिकामं बसवत नाही. वर्षातून एकदा परदेशातल्या लिन्झहून सासुरवाडीला, त्रोयानला यायचं, पोटभर चीजची खुसखुशीत बानित्सा खायची आणि घरातली धडधाकट वस्तू शोधून ती दुरुस्त करायला घ्यायची. गेल्या वर्षी नळ धरला. तो तेव्हापासून गळतोय. यंदा टीव्हीखालच्या डब्याची पाळी.

डबा म्हणजे कॉम्प्युटरच, फक्त टीव्हीला जोडलेला. नेदेल्याच्या नवऱ्याने, पेन्कोने, तो स्वतः जुळवला होता. त्यात सिनेमे होते, गाणी होती, आणि पेन्को होता. अंगणात तांब्याच्या कढईखाली जाळ घालून तो फळांची दारू, राकिया, गाळतोय, बेसूर गातोय, आणि मध्येच वळून म्हणतोय, "नेदे, लाकूड दे गं." त्याला जाऊन तीन वर्षं झाली. दर रविवारी कॉफी घेताना ती हे लावायची. रिमोटचं तिसरं बटण, मग त्याखालचं. एवढंच तिला येत होतं आणि एवढंच तिला हवं होतं.

"आई, यातली सिस्टीम फार म्हातारी झालीय," बेर्न्ट म्हणाला. "नवी घालतो."

"मी सत्तरीची झाले. मलाही बदलून टाका, जावईबापू."

मुलगी रुमी बाजारात गेलेली, त्यामुळे त्याला आवरणारं कुणी नव्हतं. तासाभराने तो स्वयंपाकघराच्या दारात आला.

"जुनं सगळं पुसायचं का?"

नेदेल्याच्या तोंडात नुकत्याच भाजलेल्या मिरचीचा चटका होता. बोलणं शक्य नव्हतं. आपल्याकडे, त्रोयानला, मान आडवी हलली की हो, आणि वर झाली की नाही. पण हा परका, याच्याकडे सगळं उलटं. म्हणून तिने याच्या रीतीने, मुद्दाम ठळकपणे, मान आडवी हलवली. बेर्न्ट खुशीत परत गेला.

दुपारी तिने तिसरं बटण दाबलं. निळा पडदा आला आणि त्यावर एकच ओळ: इथे काहीही नाही.

"पेन्को कुठेय?"

"तुम्हीच हो म्हणालात, आई."

"मी नाही म्हणाले."

"मान अशी हलवलीत." त्याने हलवून दाखवली.

"हो. अशीच. म्हणजे नाही."

"पण इथे अशी म्हणजे हो. सहा वर्षं रुमीने घोकून घेतलंय माझ्याकडून."

"अहो, मी तुमच्यासाठी तुमची मान हलवली."

"आणि मी तुमच्यासाठी तुमची वाचली."

नेदेल्या खुर्चीत बसली. आता कोण चुकलं तेच तिला कळेना, आणि कुणावर ओरडायचं तेही. बेर्न्ट एकदम गुडघ्यावर बसला आणि त्याने डब्याचं झाकण काढलं.

"डिस्क दोन आहेत. मी पहिलीच पुसली. दुसरी कुठून वाचायची, ते नव्या सिस्टीमला अजून सांगितलेलं नाही. पण सासरे कोणत्या डिस्कवर होते ते मला ठाऊक नाही."

"माझा नवरा कुठेय ते ठाऊक नाही म्हणतात," ती भिंतीला म्हणाली.

त्याने काहीतरी जोडलं. पडद्यावर चित्रांची रांग उभी राहिली. पेन्कोने ज्या व्हिडिओला आपल्या हाताने 'कढई' असं नाव दिलं होतं, त्याच्या जागी आता घोड्यावर बसलेला कुणी मिशाळ बंदूकवाला होता.

"हा कोण मेला?"

"नवी सिस्टीम नावावरून इंटरनेटवर सिनेमा शोधते आणि त्याचं चित्र लावते. चुकलीय ती."

"तीसुद्धा?"

त्याने बंदूकवाल्यावर बटण दाबलं. धूर दिसला. मग पाठ दिसली, मग ते बेसूर गाणं. "नेदे, लाकूड दे गं."

नेदेल्याने शेवटपर्यंत पाहिलं. मग पदराला हात पुसावेत तसे एप्रनला पुसले आणि जावयाकडे वळली.

"बेर्न्ट, माणूस तुम्ही वाईट नाही. पण यापुढे या घरात मान ताठ ठेवायची आणि तोंडाने बोलायचं. मीसुद्धा. आणि तो घोडेवाला राहू द्या तिथेच. रुमीला म्हणावं, बाबा आता सिनेमात गेले."