सासऱ्यांचा ब्रेकर

आमच्या चौफुलीचं गाव झालं ते माझ्या सासऱ्यांच्या एका उचापतीमुळे. आधी इथे नुसते चार रस्ते आणि त्यांची चहाची टपरी. गाड्या भरधाव जायच्या, कुणी ढुंकूनही बघायचं नाही. वैतागून त्यांनी एका पहाटे टपरीसमोर दगडमाती टाकून ब्रेकर घातला. ड्रायव्हर शिव्या देत वेग कमी करू लागले, आणि गाडी थांबलीच आहे तर म्हणून चहाही पिऊ लागले.

मग समोर पंक्चरवाला आला. त्याने स्वतःचा ब्रेकर घातला. न्हावी आला, शिंपी आला, माझ्या दिराने गॅरेज काढलं. दुकान काढायचं तर आधी ब्रेकर, मग फळ्या, अशी रीतच पडली. घरं वाढली, शाळा आली, आणि रस्त्याला जागोजागी टेंगळं आली.

टपरी आता मी चालवते. परवा बसचा ड्रायव्हर म्हणाला, "ताई, सोमवारपासून बस बाहेरच्या रस्त्याने नेणार. इथे आदळून आदळून गाडीच्या स्प्रिंगचे पाटे तुटतात. ब्रेकर काढलेत तरच येईन."

माझी लेक त्याच बसने नर्सिंग शिकायला जाते. दुसरी गाडी नाही. बस बंद म्हणजे तिचं शिक्षण बंद.

मी दारोदार फिरले. "बरोबर आहे तुमचं," सगळे म्हणाले. "पण आधी त्याला काढू दे," असंही सगळेच म्हणाले. दीर तर फटकळच. "वहिनी, पहिला ब्रेकर तुमच्या टपरीसमोरचा. मग पहिला तोच निघू दे की!"

ब्रेकर गेला की गिऱ्हाईक जाणार, हे मला कळत नव्हतं थोडंच! पण या टपरीत उभं राहून माझे पाय कामातून गेलेत. लेकीचे जाऊ नयेत, एवढंच मनात होतं. रविवारी दुपारी मी कुदळ घेतली.

सासऱ्यांनी आत विटा, गोटे, फुटक्या कपबशा, हाताला लागेल ते कोंबलं होतं. घाव घालून घालून माझी कंबर धरली. दीर बराच वेळ गॅरेजच्या दारात उभा राहून बघत होता. शेवटी चरफडत आला.

"सरका वहिनी. लोक मला नावं ठेवतील."

मग पंक्चरवाला आला, पाठोपाठ बाकीचे. संध्याकाळपर्यंत सगळे ब्रेकर निघून रस्ता सपाट झाला.

सोमवारी बस आली. लेक शाळेजवळच्या थांब्यावर चढली. एरवी टपरीसमोर बस ब्रेकरवरून डुलत डुलत जायची, आणि तेवढ्यात ती खिडकीतून सांगायची, "आई, दुपारी जेव हं. गोळी विसरू नकोस." तेवढ्यावर माझा दिवस निघायचा.

आज तिने तोंड उघडलं आणि बस सुसाट निघून गेली. "आई" एवढंच ऐकू आलं.

मागून ट्रक आले, तेही न थांबता गेले. मी गॅस बंद केला आणि गिऱ्हाइकांच्या बाकावर जाऊन बसले.