सहा फुटांवरची खुर्ची

मी चर्चच्या तळघरातली घडीची खुर्ची. पाठीवर ४१ रंगवलंय, तेच माझं नाव समजा.

आम्ही साठ जणी एकाच ट्रकमधून नेब्रास्कातल्या या लहानशा गावात आलो. लग्न असो, मयत असो, एकमेकींना खेटून उभ्या राहायचो. काम संपलं की आम्हाला मिटून एकीवर एक रचत. अंगाला अंग लागे, बरं वाटे.

मग साथ आली. तळघरात लस टोचायला लागले आणि आम्हाला सहा-सहा फुटांवर एकेकटं मांडलं. इतकं एकटं मला कधी वाटलं नव्हतं.

त्या दुपारी माझ्यावर पेत्रोना बसली. ग्वाटेमालाची, गावाबाहेरच्या कारखान्यात डुकराचं मांस कापणारी. सातवा महिना लागलेला. तिच्या शेजारी उभं राहून कापणाऱ्या दोघी तापानं गेल्या होत्या, म्हणून सुई घेतल्याशिवाय जायचं नाही असं ठरवूनच ती आली होती. पुढचं शिबिर तीन आठवड्यांनी होतं.

पलीकडच्या खुर्चीवर व्हर्लिन होता, मक्याचा म्हातारा शेतकरी. आधी आपली माणसं, मग हे बाहेरचे, असं तो आल्यापासून पुटपुटत होता. त्याच्या रविवारच्या ताटातलं मांस हिच्याच हातून जायचं, पण ते कोण लक्षात घेतो? मग गप्प बसवेना म्हणून त्यानंच विचारलं, "नाव काय गं तुझं?"

"पेत्रोना तियूल चुब."

"एकटीला एवढी नावं?"

"तियूल बापाचं, चुब आईचं. आईचं कागदावर शेवटी लिहितात. हाक मात्र बापाच्या नावानं."

तो हसला. "आमच्यात आईचं नाव कागदावरसुद्धा येत नाही बघ."

थोड्या वेळानं टेबलामागच्या मार्लिसबाईंनी कागदावरचं शेवटचं नाव पुकारलं, तेही आपल्या पद्धतीनं. "चब बाई! चब कोण आहे?" तीनदा पुकारलं. पेत्रोना पोटावर हात ठेवून तियूलची वाट बघत बसली होती.

व्हर्लिननं तिच्याकडं पाहिलं. त्याला कळलं होतं. मग तो खाली बुटांकडं बघत राहिला. मार्लिसबाईंनी नावावर काट मारली आणि पुढचं नाव घेतलं. ते व्हर्लिनचंच होतं.

मला तोंड नाही. त्याला होतं.

शेवटी पेत्रोना टेबलापाशी गेली, तेव्हा लस संपली होती. आपलीच चूक झाली म्हणून तीच माफी मागून गेली.

तीन आठवड्यांनी व्हर्लिन दुसऱ्या सुईसाठी आला. आल्या आल्या मार्लिसबाईंना म्हणाला, "मागच्या वेळच्या त्या चब बाईला तियूल म्हणून पुकारा. मला मागेच ठाऊक होतं."

त्यांनी पुकारलं. कोणी उठलं नाही. मागून कारखान्यातली एक बाई म्हणाली, "पेत्रोना मंगळवारी गेली. ताप होता, पण दवाखान्यात या देशात राहायचे कागद मागतील म्हणून घरीच राहिली. नेलं तेव्हा उशीर झाला होता."

व्हर्लिन माझ्यावर बसला नाही. उभाच राहिला.

आता आम्हाला पुन्हा एकीवर एक रचलंय. तरी एकटं वाटायचं ते वाटतंच. बाळ वाचलं, मुलगी आहे म्हणतात. तिच्या कागदावर शेवटचं नाव आईचं, तियूल असेल; हाकेची सवय मात्र बापाच्या नावाची. कुणी तिला त्या नावानं पुकारलं आणि ती उठली नाही, तर शेजारच्यानं तेवढं सांगावं.