शुभंकर साहेबांचं क्रियापद

खराडीतल्या एका कंपनीत मी नवशिक्यांना जपानी शिकवायला जात असे. बॅचमध्ये मॅनेजर शुभंकर पहिल्या रांगेत बसायचा. लॅपटॉप उघडा, कान बंद.

जपानी क्रियापदांचे तीन गट. तिसऱ्यात जेमतेम दोन, ती पाठच करायची. घोळ होतो तो पहिल्या दोन गटांत. गट चुकला की पुढचं रूप चुकतं, आणि कधीकधी अर्थही.

"शेवटी इरू किंवा एरू आलं की गट दोन," शुभंकरने जाहीर केलं. "पॅटर्न क्रॅक झाला, मॅडम. नेक्स्ट टॉपिक घ्या."

"अपवाद आहेत. काएरू म्हणजे घरी परतणं. हे पहिल्या गटातलं, त्याचं काएरीमास होतं. दुसरं काएरू म्हणजे बदलणं. ते दुसऱ्या गटातलं, त्याचं काएमास."

"अपवादांवर टाइम कोण वेस्ट करणार?"

"ज्याला बोलायचंय तो."

तो हसला. मी कौतुक केलं असं त्याला वाटलं असावं. जन्म पुण्यात गेला तरी काहींना टोमणा कळत नाही.

शुभंकरच्याच टीममधली निशा माझी जुनी विद्यार्थिनी. धायरीची, वडिलांचं खतांचं दुकान. शिकायला सावकाश, पण प्रत्येक क्रियापदाचा गट विचारल्याशिवाय पुढे सरकायची नाही. वर्षभर ती जपानात, नागोयाला क्लायंटच्या ऑफिसात होती आणि तिचं तिथे छान बस्तान बसलं होतं. भावाच्या लग्नासाठी थोडे दिवस घरी येणार होती, एवढंच.

हे क्लायंटला कळवायला व्हिडिओ मीटिंग ठरली. दुभाषी म्हणून मी होते. शेजारी शुभंकरचे वरिष्ठ बसले होते, त्यामुळे साहेबांना चेव आला. मला हातानेच थांबवून ते स्वतः बोलले, "निशा-सान वा राइगेत्सु काएमास."

निशा पुढच्या महिन्यात घरी जाणार, असं त्यांना म्हणायचं होतं. म्हणाले ते, निशाला पुढच्या महिन्यात बदलतो.

पलीकडून क्लायंटच्या मोरिता-साननी अतिशय अदबीने काही विचारलं. शुभंकरने आवाज बंद केला आणि माझ्याकडे पाहिलं.

"तिच्या जागी कोण येणार, असं विचारतायत," मी म्हणाले. "तुम्ही तिला बदलणार म्हणालात. चूक झाली म्हणून सांगते मी."

त्याने एकदा वरिष्ठांकडे पाहिलं. कान लाल झाले होते. मग आवाज सुरू करून इंग्रजीत म्हणाला, "अर्णव येईल, माझ्याच टीममधला." आणि वरिष्ठांकडे वळून मराठीत, "रोटेशनचा प्लॅन होताच, सर."

वरिष्ठांनी मान डोलावली. चूक कबूल करण्यापेक्षा माणूस हलवणं शुभंकरला सोपं गेलं.

लग्नानंतर निशा माझ्या घरी आली. नागोयाला परत पाठवणार नाहीत एवढंच तिला कळवलं होतं. आपल्या कामात काय खोट निघाली, हे तिला समजत नव्हतं. मी घडलं ते सगळं सांगितलं.

"काएमास म्हणाले?" तिने विचारलं.

"हो."

"आणि तुम्ही सांगितल्यावरही अर्णवचं नाव दिलं?"

"त्यानंतरच दिलं."

माझ्याच टेबलाशी बसून तिने मोरिता-सानना जपानीत मेल लिहिली. मी एक अक्षरही सुधारलं नाही, गरजच नव्हती. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. तिनेच सुटका मागितली असावी, असं त्यांना वाटलं होतं. तिची इच्छा असेल तर अर्णवला परत पाठवायची त्यांची तयारी होती.

"नको," ती मला म्हणाली. "त्याने काय केलंय? नुकतंच घर लावलंय त्याने तिथे."

तिने राजीनामा दिला. शुभंकरने तिला एक्झिट इंटरव्ह्यूत कारण विचारलं. "तुमच्या हाताखाली काम करायचं नाही," असं ती शांतपणे म्हणाली. त्याने 'पर्सनल रीझन' असं भरलं.

मीही ती बॅच सोडली. एचआरच्या सलोनीचा फोन आला, शुभंकर सरच आता नवीन मुलांना बेसिक्स शिकवणार आहेत म्हणून.

"त्या मुलांना माझा नंबर द्या," मी म्हणाले आणि फोन ठेवला.

निशा सध्या चाकणच्या एका जपानी कारखान्यात दुभाषी आहे. मीटिंगमध्ये तिचं वाक्य पुरं होईपर्यंत तिथे मध्ये कोणी बोलत नाही.