ताशी बारा किलोमीटर

ओदिलनं ॲप्रन काढून खुर्चीच्या पाठीवर टाकला, तेव्हा मी ताटातला चीजचा शेवटचा तुकडा उचलत होतो. ती माझ्या कानाशी वाकली.

"गाएतान, बाहेरची ती सायकल रिकामी आहे का?"

"मादाम देलकूरची? हो. त्यांचं मनगट दुखतंय, त्या आता सामानाच्या गाडीतून येणारेत. का गं?"

"सहज," म्हणाली आणि फाटकाकडं गेली.

बोनहून निघणाऱ्या सायकल सहलींचा मी वाटाड्या. चार दिवसांत सव्वाशे किलोमीटर. आधी द्राक्षमळ्यांतून, मग कालव्याच्या काठानं, मग उखडलेल्या जुन्या रेल्वेमार्गावरून थेट माकाँपर्यंत. पाहुणे बहुतेक निवृत्त, कुणालाच घाई नसते. ताशी बाराच्या वर आम्ही क्वचित जातो. प्रत्येक गावात एखादं तळघर, एखादी बाटली. पहिल्या दिवसाचं, म्हणजे गुरुवारचं जेवण वेर्नी गावात रेजीच्या घरी. नऊ वर्षं त्यात बदल नाही. रेजी तळघरात पिंपांमधून फिरवत माती, ऊन, पाच पिढ्या असं सगळं सांगतो आणि ओदिल, त्याची बायको, वाढते.

ओदिल बावन्न वर्षांची. सव्विसाव्या वर्षी लग्न होऊन या घरात आली, म्हणजे अर्धं आयुष्य तिथंच. आधी सासूचं आजारपण निघालं. सासू गेली आणि सासरे, आन्सेल्म, पडून राहिले. आता ते स्वयंपाकघराच्या खिडकीशी खुर्चीत बसून असतात आणि काही हवं असलं की काठीनं फरशी ठोकतात. जेवताना आम्हाला तो आवाज ऐकू यायचा. ओदिल हातातलं ठेवून आत जायची आणि परत यायची. एका जेवणात दहा वेळा तरी.

त्या दिवशी वेगळं काहीच घडलं नव्हतं. मादाम देलकूर लीलच्या, दातांच्या डॉक्टर होत्या, बोलायला मोकळ्या. त्यांनी ओदिलला विचारलं, "तुम्ही सुट्टीला कुठं जाता हो?"

ओदिलनं तोंड उघडलं, पण उत्तर रेजीनं दिलं. "तिला कशाला सुट्टी? लोक सुट्टीला इथं येतात!"

सगळे हसले. मीही हसलो.

आम्ही निघालो तेव्हा ओदिल फाटकाबाहेर सायकल धरून उभी होती. घरातल्या कापडी चपला, कामाचा निळा झगा. मला वाटलं, गावाच्या टोकापर्यंत येईल. टोक मागं पडलं. मळ्यांमधली पांढरी वाट सुरू झाली तरी ती पाहुण्यांच्या मागोमाग पायडल मारतच होती, जरा वेडीवाकडी, पण थांबत नव्हती.

अर्ध्या तासानं मागून हॉर्न ऐकू आला. रेजीची पांढरी गाडी. वाट अरुंद, दोन्ही बाजूंना वेली, म्हणून त्याला पुढं जाता येईना. तो आमच्या मागून आमच्याच वेगानं येऊ लागला, खिडकीतून डोकं बाहेर काढून.

"ओदिल! कुठं चाललीस?"

"सांतनेला."

"कशावरून?"

"सायकलवरून. दिसतंय की."

"अगं, पण कशासाठी? पापा ओरडतायत तिकडं. काठी आपटून आपटून फरशी फोडतील!"

"त्यांना चार वाजता सूप दे. पातेलं मागच्या शेगडीवर आहे."

पाहुण्यांना वाटलं, हा सहलीचाच भाग. नाँतहून आलेलं एक जोडपं थांबून फोटो काढायला लागलं. रेजीनं त्यांच्याकडं बघून हात हलवला. गिऱ्हाइकांसमोर ओरडणं त्याला जमत नाही. दोन किलोमीटर तो असाच मागं येत राहिला. ओदिल एकदाही वळून बघेना, पण तिची मान ताठ झालेली मला दिसत होती. शेवटी चढावर त्यानं गाडी मागं घेतली. जूनचा महिना, पावसाची हवा. वेलींवर बुरशी धरायच्या आत फवारणी उरकायची होती, आणि म्हातारा घरात एकटा.

त्यानंतर तिचा फोन वाजायला लागला.

"फ्रिजवर बघ... नाही, निळ्या डब्यात... त्या गोळ्या जेवणाआधीच्या. पांढऱ्या जेवणानंतरच्या." पाच मिनिटांनी परत. "कोंबड्यांचं दार आतून लागतं." मग, "टॉवेल जिथं असतात तिथंच आहेत, रेजी. सव्वीस वर्षं तिथंच आहेत." एका हातात हँडल, दुसऱ्या हातात फोन. मी म्हटलं, "बंद करून टाक ना." ती म्हणाली, "आणि पापांना काही झालं तर?"

सांतनेच्या, म्हणजे आमच्या पहिल्या मुक्कामाच्या हॉटेलात मादाम देलकूरनी आपल्या खोलीतला दुसरा पलंग तिला दिला, घालायला पँट दिली. जेवायची वेळ झाली. तिच्यापुढं कुणीतरी ताट आणून ठेवलं. ती दोन्ही हात टेबलावर ठेवून त्या ताटाकडं बघत राहिली.

जेवणानंतर मला रेजीचा फोन आला.

"कुठल्या हॉटेलात आहात?"

"रेजी, ती येईल रे. एक दिवस..."

"कुठल्या हॉटेलात? हे बघ गाएतान, माझ्या घरी जेवायचं, माझ्या बायकोला पळवायचं, आणि पुढच्या गुरुवारी परत माझ्याच टेबलावर बसायचं, असं चालणार नाही."

वेर्नीच्या आसपास दहा-बारा माणसांना पुरेल असं दुसरं अंगण नव्हतं. हंगाम अर्धा उरला होता. मी नाव सांगितलं.

सकाळी हॉटेलच्या काउंटरवर एक पिशवी होती. रेजी पहाटेच ठेवून गेला होता, कुणालाही न उठवता. ओदिलनं ती नाश्त्याच्या टेबलावर उघडली. आत एक जाडजूड लोकरी स्वेटर, रेजीचे स्वतःचे मोजे, लग्नकार्यात घालायचे तिचे उंच टाचांचे बूट आणि आन्सेल्मच्या औषधांची चिठ्ठी, गोळ्यांच्या नावांपुढं प्रश्नचिन्हं केलेली. ती आधी हसली. हसता हसता तिनं स्वेटर तोंडावर धरला आणि बराच वेळ काढलाच नाही.

"त्याला माझं कपाट माहीत नाही," ती मादाम देलकूरना म्हणाली. "कपाट उघडून उभा राहिला असेल बिचारा."

मग माझ्याकडं वळली. "हॉटेल तू सांगितलंस?"

"हो."

"बरं," म्हणाली. तिनं चिठ्ठी सरळ केली, पेन मागितलं आणि एकेका गोळीपुढं वेळ लिहून फोटो काढून पाठवला.

त्या दिवशी कालव्याच्या काठानं गेलो. रस्ता सपाट, पॉपलर झाडांची सावली, वाटेत होड्या वर-खाली करणारी कालव्याची दारं. असल्या रस्त्यावर माणसं आपोआप गप्प होतात. ओदिल मधूनमधून पुढं निघून जायची, अगदी मुलीसारखी वाकून पायडल मारायची आणि फोन वाजला की पाय टेकायची. मी तिला गाठेपर्यंत ती सांगत असायची, "उशी डाव्या कुशीला... डाव्या, रेजी." परत निघाली की पहिला अर्धा किलोमीटर तिचे पाय नीट फिरायचे नाहीत.

शनिवारी तिला बसवेना. सीट टोचत होती, गुडघे सुजले होते. मादाम देलकूर म्हणाल्या, "माझ्याबरोबर गाडीत बसा." ओदिल म्हणाली, "गाडीत मी घरीही बसते," आणि उभ्यानंच सायकल हाणत क्लुनीपर्यंत आली.

रविवारी, शेवटच्या दिवशी, क्लुनीच्या पुढचा बोगदा लागला. जुना रेल्वेचा, दीड किलोमीटरहून लांब, आत थंडगार, वरून पाणी ठिबकतं. पाहुणे आरडाओरडा करत, आवाज घुमवत पार झाले. मी मोजलं तर एक जण कमी. परत आत गेलो.

ओदिल मधोमध थांबली होती. सायकल भिंतीला टेकवलेली, रेजीचा स्वेटर अंगात, हातात फोन.

"काय झालं? पंक्चर?"

"इथं फोन लागत नाही," ती म्हणाली.

"बाहेर पडलं की लागेल."

"तेच ना."

पाहुण्यांचे आवाज पलीकडच्या तोंडातून अंधुक येत होते.

"मला वाटलं होतं, लांब गेलं की सुटेल," ती म्हणाली. "मारझोड नाही रे करत तो. तसं असतं तर सोपं होतं. पापा वाईट नाहीत. रेजी वाईट नाही. मग मी सांगू काय कुणाला? की मला माझंच घर खातंय?"

मी म्हणालो, "सगळे थांबलेत, ओदिल."

"पाच मिनिटं."

मी घड्याळ बघितलं नाही. ती डोळे मिटून उभी होती, पाठ दगडाला लावून. मग तिनं स्वतःच सायकल घेतली. उजेडात आल्याबरोबर फोन तिच्या खिशात थरथरायला लागला, एकदा, परत, परत. मी अकरापर्यंत मोजलं.

माकाँच्या स्टेशनवर पाहुणे पांगले. मादाम देलकूरनी तिला घट्ट मिठी मारली, आपला नंबर लिहून दिला. "लीलला या, कधीही." ओदिल "हो, हो" म्हणाली. लीलची गाडी सुटली, पॅरिसची सुटली. फलाटावर आम्ही दोघंच. सामानाच्या गाडीचा चालक माकाँचाच, तो इथंच उतरतो आणि सायकली लादलेली गाडी मी परत नेतो. तिची सायकलही त्यातच लादायची होती. ती हँडल सोडेना. मीही ओढलं नाही. थोड्या वेळानं तिनं आपणहून सायकल उचलून माझ्या हातात दिली.

हायवेनं वेर्नी पन्नास मिनिटं. ती पुढं माझ्या शेजारी बसली होती, गुडघ्यांवर हात ठेवून. डावीकडं टेकड्या, मळे, आम्ही तीन दिवस ज्यांतून आलो ती गावं, सगळं भराभर मागं जात होतं.

"मी हॉटेलचं नाव सांगायला नको होतं," मी म्हणालो.

"नसतं सांगितलंस तरी काय? तुमचा मार्ग छापलेलाच आहे. स्वयंपाकघरात कॅलेंडरशेजारी लावलाय." ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "सगळ्यांना माहीत असलेल्या रस्त्यानं, बारा किलोमीटरच्या वेगानं पळाले मी."

फाटकाशी गाडी थांबवली. खिडकीत आन्सेल्मचं डोकं दिसत होतं. रेजी बाहेर आला, दाढी वाढलेली, शर्टावर सूप सांडलेलं. मला वाटलं, आता बोलेल. त्यानं तिच्या बाजूचं दार उघडलं आणि विचारलं, "जेवलीस का?"

तिनं गुडघ्यांवरचे हात उचलले. मग उतरली.

पुढच्या गुरुवारी जेवण झालं, नेहमीसारखं. रेजीनं माती, ऊन, पाच पिढ्या सांगून झाल्यावर बायको पळाल्याची गोष्टही सांगितली, तिच्या मागं गाडी कशी चालवली त्याच्या नकलेसकट. पाहुणे पोट धरून हसले. आता दर गुरुवारी सांगतो. ओदिल तेवढ्यात ताटं उचलते.

एक गोष्ट मात्र बदलली. रविवारी दुपारी आता तालुक्याहून नर्स येते, चार तास. त्यासाठी ओदिल रेजीशी तीन आठवडे भांडली, हे मला तिनंच सांगितलं, सप्टेंबरात, द्राक्षतोडणीच्या आधी, स्वयंपाकघराच्या पायरीवर बसून.

"मग? त्या चार तासांत काय करतेस? फिरायला जातेस?"

"झोपते," ती म्हणाली. "वरच्या खोलीत दाराला कडी लावून झोपते. अजून तेवढंच जमतंय."

आत फरशीवर काठी वाजली. ती उठली, झगा झटकला.

"या गुरुवारी किती जण आणणारेस?"

"नऊ."

"बरं," म्हणाली आणि आत गेली.