जो हात उचलेल तो

खाटकाचा जबडा वेल्डरने मोडला त्याला सात वर्षं झाली होती. फुटबॉलचा सामना संपल्यावर मैदानामागच्या बोळात उत्तर गॅलरीचे तीसेक जण आणि पूर्व गॅलरीचे तीसेक जण एकमेकांना भिडले होते. दोन्ही गॅलऱ्या एकाच क्लबच्या, गळ्यात एकाच रंगाचे स्कार्फ. भांडण कशावरून पेटलं ते आता कुणालाच धड सांगता आलं नसतं. कुणीतरी कुणाचा झेंडा फाडला होता, असं काहीतरी. वेल्डर उत्तरेचा म्होरक्या, खाटीक पूर्वेचा. वेल्डरच्या हातात बसच्या सीटचा पाईप होता. तेव्हापासून खाटीक डाव्या बाजूने जेवायचा आणि बोलताना त्याचं तोंड जरासं वाकडं व्हायचं.

त्या दोघांना एकत्र आणलं ते मैदानाच्या फाटकाने. क्लबच्या नव्या व्यवस्थापनाने चारपैकी तीन फाटकं बंद ठेवायला सुरुवात केली होती. एका मोठ्या सामन्याच्या दुपारी दोन्ही गॅलऱ्यांची माणसं एकाच फाटकाशी येऊन थटली. मागून रेटा, पुढे अर्धवट उघडलेलं लोखंडी फाटक, आणि आत क्लबचे रखवालदार, गजांवर आलेल्या बोटांवर काठ्या मारणारे. बस डेपोतला पेंटर, वेल्डरच्या शेजारच्या शेडमध्ये वीस वर्षं गाड्या रंगवणारा माणूस, गजांवर छातीने दाबला गेला. वेल्डर त्याच्यापासून दोन हातांवर होता. पेंटरचा चेहरा लाल झाला, मग जांभळा, मग राखाडी. त्याने तोंड उघडलं, पण आवाज निघायला आत हवाच नव्हती.

वेल्डरला बिजागरी दिसली. "खिळा काढा," तो ओरडला, "खालचा खिळा." पलीकडे कुणीतरी गर्दीत खाली वाकलं आणि दगडाने खिळा ठोकायला लागलं. वरचा खिळा वेल्डरने उपसला. फाटक सुटून कलंडलं आणि दोघांनी पेंटरला ओढून बाहेर काढलं. तेव्हा वेल्डरला दिसलं की दगडाने खिळा ठोकणारा खाटीक होता. त्याच्या दोन बोटांची नखं उडाली होती. पेंटरचं डोकं त्याच्या मांडीवर होतं आणि बरगड्या वेल्डरच्या तळव्याखाली भिजलेल्या पुठ्ठ्यासारख्या दबत होत्या. रुग्णवाहिका आली तोवर पेंटर गेला होता.

दुसऱ्या दिवशी क्लबने निवेदन काढलं: समर्थकांच्या दोन गटांतल्या हाणामारीत एकाचा मृत्यू. शहराने ते मुकाट्याने खरं मानलं. पेंटरच्या बायकोनेही मानलं. दारात उभ्या राहिलेल्या वेल्डरला ती म्हणाली, "तुमच्या मारामाऱ्यांनी खाल्लं त्यांना," आणि दार लावून घेतलं.

चार दिवसांनी वेल्डर खाटकाच्या दुकानात गेला. दुपारची वेळ, गिऱ्हाईक नव्हतं. खाटीक ठोकळा खरवडत होता. त्याने वर पाहिलं, पण सुरा खाली ठेवला नाही.

"काय हवंय?"

"तू माझ्यासोबत चौकशी अधिकाऱ्याकडे चल. आपण भांडत नव्हतो, एवढं दोघांनी मिळून सांगू."

"सांगून आलोय मी. तो हसला. म्हणाला, तुमचा जबडा कशाने वाकडा झाला तेही सांगा."

खाटकाने ठोकळ्यावर पाणी ओतलं, फडक्याने पुसलं.

"क्लबला खोटं बोलायला फार डोकं लागलं नाही," तो म्हणाला. "सात वर्षं आपणच त्यांच्यासाठी ते लिहीत होतो."

दोघं दुकानाच्या मागे उलट्या क्रेटवर बसले आणि तिथेच ठरलं. दोन्ही गॅलऱ्यांची मिळून एकच संघटना. माणूस कुठल्याही गॅलरीतला असो, मत एक. म्होरके वगैरे कुणी नाही. समिती निवडून यायची, दरवर्षी नव्याने. क्लबशी, पोलिसांशी, चौकशीवाल्यांशी तीच बोलणार.

"एक कलम माझं," खाटीक म्हणाला. "सभासदाने माणसावर हात उचलला की तो बाहेर. आधी कोणी मारलं, का मारलं, काही विचारायचं नाही. जो हात उचलेल तो बाहेर."

"माझ्यासाठी घालतोयस का?"

"तुझ्यासाठी, माझ्यासाठीही. माझे हात काय देवपूजेला वापरलेत का मी?"

वेल्डरने मान डोलावली. तेव्हा त्याला ते अवघड वाटलं नाही.

अवघड होता तो त्याचा मेहुणा. बायकोचा एकुलता एक धाकटा भाऊ. आईबाप लवकर गेले, तिनेच, त्याच्या ताईने, त्याला वाढवलं आणि लग्नानंतर तो तिच्यासोबत वेल्डरच्या घरी आला. ठोसा कसा टाकायचा, अंगठा मुठीच्या बाहेर का ठेवायचा, हे त्याला वेल्डरनेच स्वयंपाकघरात उभं करून शिकवलं होतं. आता तो तिशीचा होता. उत्तर गॅलरीतले चाळीस धटिंगण त्याच्या शब्दावर उठत आणि बसत. क्लबच्या मॅनेजरशी त्याची ऊठबस होती; गॅलरीत कोण कुठे उभं राहणार हे तोच ठरवायचा.

"दाजी, मतं मोजून कुणी घाबरतं का?" जेवताना त्याने विचारलं.

"घाबरवायचं नाहीये कुणाला."

"मग कशाला ऐकतील? त्या वाकड्या तोंडाच्या शेजारी बसून तुम्ही मतं मागणार. पोरं हसतायत तुम्हाला."

"तूही उभा राहा निवडणुकीला," ताई म्हणाली. ती गणवेश शिवायच्या कारखान्यात कामाला होती आणि दर सामन्याला गॅलरीत असायची. "लोकांना हवा असशील तर येशील निवडून."

मेहुण्याने ताट सरकवलं. "मला कुणी निवडायची गरज नाही, ताई. मी आहेच तिथे."

दोन महिन्यांत सहाशेच्या वर सभासद झाले. मतदान रविवारी सकाळी डेपोच्या कँटीनमध्ये ठेवलं. मतदान अधिकारी म्हणून भूमिती शिकवून निवृत्त झालेल्या बाईंना बसवलं, कारण दोन्ही गॅलऱ्यांतल्या निम्म्या लोकांनी त्यांच्या हातच्या छड्या खाल्ल्या होत्या. मतपेटी म्हणजे वेल्डरने पत्र्याची जोडलेली पेटी, वर चिरलेली फट. अकरापर्यंत चारशेवर लोकांनी मत टाकलं होतं. खाटीक दाराशी रांग लावत होता, ताई यादीवर खुणा करत होती.

मेहुणा आला तो पंचवीस जणांना घेऊन. हातात साखळ्या, रॉड. रांगेतल्या पहिल्या माणसाला त्यांनी काही न बोलता पाडलं. खाटीक आडवा आला, दोन्ही हात उघडे, वर धरलेले. "मत टाक आणि जा," तो म्हणाला. मेहुण्याने त्याच्या पोटात रॉड खुपसला आणि तो वाकल्यावर गुडघा थेट जबड्यावर, मोडलेल्या बाजूलाच. खाटीक टेबलाखाली गेला. मग बाकडी उलथली, काचेची बरणी फुटली, कुणीतरी रांगेतल्या ड्रायव्हरचं डोकं भिंतीवर आपटलं आणि भिंतीवर ओला लाल पट्टा उमटला. संघटनेची माणसं मारत नव्हती. एकमेकांच्या दंडात दंड अडकवून ती पेटीभोवती उभी राहिली आणि मार खात राहिली. वेल्डर मधोमध. त्याने हात मागे बांधले होते. एक साखळी त्याच्या कानावर बसली, दुसरी मानेवर. त्याला रक्त कॉलरमधून पाठीवर उतरताना कळत होतं. तो हलला नाही.

मेहुणा पेटीपर्यंत आला. बाईंनी पेटी छातीशी धरली होती.

"द्या इकडे."

"खाली बस," बाई म्हणाल्या, वर्गात म्हणत तशा.

त्याने रॉड फिरवला. आवाज लाकूड फुटल्यासारखा आला. बाईंचा चष्मा चेहऱ्यातच गेला आणि त्या पेटीसकट खाली कोसळल्या. त्याने रॉड पुन्हा उचलला.

तो खाली येऊ दिला नाही वेल्डरने. त्याने मेहुण्याचं मनगट धरलं, रॉड काढून घेतला आणि त्याच्या कोपरावर मारला. हात उलटा वाकला, मेहुणा ओरडून गुडघ्यांवर बसला. तिथे सगळं संपलं होतं. मेहुण्याची पोरं थबकली होती, दोघं तर दाराकडे पळत होते. पण वेल्डरने पुन्हा मारलं. त्याच कोपरावर, मग खांद्यावर, मग आडव्या पडलेल्या माणसाच्या बरगड्यांवर. हात आपोआप चालत होता आणि छातीत एक जुनी, ओळखीची ऊब पसरत होती. गेल्या दोन महिन्यांत आपल्याला तिची किती आठवण येत होती हे त्याला प्रत्येक फटक्याबरोबर कळत होतं. बायकोने मागून त्याच्या कमरेला मिठी मारली तेव्हा तो थांबला. ती काय ओरडत होती ते त्याला बऱ्याच वेळाने ऐकू आलं. ती आपल्या भावाचं नाव घेत होती.

पोलिसांनी चौदा जणांना नेलं, त्यात वेल्डरही होता. दुसऱ्या दिवशी तो जामिनावर सुटला. बाईंचा उजवा डोळा गेला. मेहुण्याच्या कोपराचा चुरा झाला होता. डॉक्टर म्हणाले, तीन बोटं पुन्हा हलणार नाहीत. दवाखान्याच्या जिन्यात ताई वेल्डरला भेटली.

"पहिला फटका मला समजतो," ती म्हणाली. "मीही मारला असता. पुढचे कोणासाठी होते?"

ती वर गेली, तो जिन्यातच बसून राहिला.

पेटी फुटली नव्हती. पुढच्या रविवारी राहिलेलं मतदान झालं आणि त्याच कँटीनमध्ये मोजणी झाली. समितीवर सगळ्यात जास्त मतं वेल्डरला पडली, त्याच्या खालोखाल खाटकाला. टाळ्या वाजल्या. मग खाटीक उठला. जबडा तारांनी बांधलेला, म्हणून त्याने कागदावर लिहून आणलं होतं आणि ते ताईने वाचून दाखवलं. त्यात लिहिलं होतं की वेल्डरने पेटी वाचवली, बाईंना वाचवलं, कलम लिहिताना असा प्रसंग आपल्या डोक्यात नव्हता, आणि त्याला ठेवून घ्यावं. वाचताना ताईचा आवाज कुठेही हलला नाही.

"बरोबर आहे," कोपऱ्यातून एक ड्रायव्हर म्हणाला. "त्याला काढलं तर उद्या कोण उभं राहील मध्ये?"

बाई पुढे बसल्या होत्या, अर्धा चेहरा पट्टीत. त्या बसूनच बोलल्या.

"पहिल्या फटक्याने माझा जीव वाचला. त्याबद्दल मी जन्मभर ऋणी आहे. त्यानंतर मी जमिनीवर पडून मोजत होते. आणखी सात झाले." त्या थांबल्या, श्वास घेतला. "ते सात आपण माफ केले, तर क्लबने पेंटरबद्दल जे लिहिलं ते खरं ठरतं."

मतदान चिठ्ठीने झालं. ठेवायला एकशे अठ्ठ्याण्णव, काढायला दोनशे सव्वीस. वेल्डर उठला. सभासदपत्र खिशातून काढून टेबलावर ठेवलं आणि तो निघाला. दारात खाटकाने त्याचा दंड धरला. तारांमुळे त्याला बोलता येईना. नुसता धरून उभा राहिला.

"सोड," वेल्डर म्हणाला. "आत लोक थांबलेत तुझ्यासाठी."

बायकोने कुठल्या बाजूला मत टाकलं ते त्याने कधी विचारलं नाही. रिकाम्या जागेवर समितीत तिला घेतलं.

चौकशीत यावेळी चारशे जणांनी एकच जबाब दिला. मारामारी कँटीनमध्ये झाली ती झाली, तिचा आमच्याकडे निकालही लागला. त्या दुपारी फाटकाशी मारामारी नव्हती, तीन फाटकं बंद होती. बाईंनी फाटकाचं माप, गर्दीचा आकडा आणि वेळ यांची आकृती काढून दिली. अधिकारी यावेळी हसला नाही. सहा महिन्यांनी क्लबने निवेदन मागे घेतलं, मॅनेजरला काढलं आणि चारही फाटकं उघडली. पेंटरच्या बायकोला ते पत्र द्यायला खाटीक आणि ताई गेले. तिने त्यांना आत बोलावलं.

मेहुणा दवाखान्यातून सुटल्यावर, जामीन मिळताच, बहिणीकडेच आला. दुसरीकडे जागा नव्हती. त्याची चाळीस पोरं पहिल्या आठवड्यात एकदा येऊन गेली, मग आली नाहीत. त्याला शर्टाची बटणं लावता येत नसत, बुटाच्या नाड्या बांधता येत नसत. ताई कामावर गेली की ते वेल्डर करायचा. पहिल्या दिवशी मेहुणा त्याच्या तोंडावर थुंकला. वेल्डरने बाहीने तोंड पुसलं आणि वरचं बटण लावलं.

नव्या मोसमातल्या पहिल्या सामन्याला ताई समितीचा बिल्ला लावून गेली. घरात दोघंच, रेडिओ लावलेला. मध्यंतराच्या आधी क्लबवर गोल झाला. मेहुण्याने डाव्या हाताने पेला उचलून वेल्डरला फेकून मारला. काच कपाळावर फुटली. वेल्डर उठला, त्याच्यासमोर गेला, आणि मेहुण्याने चांगला हात तोंडापुढे धरला. वेल्डरच्या मुठी आवळल्या होत्या. त्या सैल व्हायला वेळ लागला. भुवईतून रक्त डोळ्यात येत होतं.

"तुमचाही हात असाच तुटायला हवा होता," मेहुणा हाताआडून म्हणाला.

"हो," वेल्डर म्हणाला.

तो खाली बसून काचा वेचायला लागला. मोठे तुकडे आधी, मग बारीक. रेडिओवर दुसरा अर्धा भाग सुरू झाला. थोड्या वेळाने मेहुण्याने पाय उचलून खुर्चीवर घेतले, म्हणजे खालच्या काचा काढता याव्यात.